उजवी टाच

चार नंबरच्या बेडची पायथ्याकडची चादर सरळ करायला वाकले आणि डाग दिसला. रुपयाएवढा, ओला, पिवळट, कडेला लालसर. सलाईन सांडून असा डाग पडत नाही. मी काशिनाथ भोयेच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं. उजव्या टाचेला भला मोठा फोड येऊन फुटला होता, कातडी सुटून लोंबत होती, आणि हा गृहस्थ एक हात डोक्याखाली घेऊन निवांत पंखा बघत पडलेला.

"भाऊ, पायाला काय झालं?"

"कुठं काय?" म्हणत तो उठून बसला. पाय वळवून बघितला आणि त्याचाच चेहरा पडला. शेजारी स्टुलावर बायको बसली होती, यमुना. तिच्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि मग मला म्हणाला, "शेकोटीला भाजला असंल."

जानेवारी महिना होता. सुरगाण्याच्या डोंगरात या दिवसांत पहाटेपासून दारोदार शेकोट्या पेटलेल्या असतात. उत्तर बसत होतं. पण टाच एवढी सोलून निघते आणि माणूस 'असंल' म्हणतो, हे काही मला पटेना. मी ग्लोव्ह्ज घातले, गॉज घेतलं आणि त्या उघड्या मांसावर हलकंसं दाबलं. दुसरा कुणी असता तर बेडवरून उडाला असता. काशिनाथ माझ्याकडं बघत राहिला, मी कधी सुरुवात करते याची वाट बघत असल्यासारखा.

मी सुनंदा. नाशिकच्या एका हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे, बावीस वर्षं झाली. डे-केअर म्हणजे जिथं पेशंट सकाळी येतो, केमोचं औषध सलाईनमधून घेतो आणि संध्याकाळी घरी जातो. एका वेळच्या डोसला आम्ही सायकल म्हणतो. काशिनाथची ती सहावी सायकल, एकूण आठ घ्यायच्या होत्या. वय सेहेचाळीस, माझ्या धाकट्या भावाएवढा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन होऊन गाठ निघालेली, आणि मागं काही शिल्लक राहू नये म्हणून केमो. म्हणजे बरा होण्यातला पेशंट. असे पेशंट असले की आम्हालाही दुपारचा डबा गोड लागतो.

माझं तोंड तिखट आहे, हे आधीच सांगते. पेशंट मला घाबरतात, डॉक्टर त्यांच्यापेक्षा थोडे कमी घाबरतात. त्या दिवशीही मी फैलावर घ्यायच्याच बेतात होते. पण हातात त्याची फाईल होती, आणि मागच्या दोन्ही सायकलच्या पानांवर 'हातापायांना बधिरपणा: नाही' असं लिहून खाली सही केलेली होती. सही माझी. मग ओरडणार कुणावर?

हा बधिरपणा काय असतो ते सांगते. आपण सलाईनची सुई टोचतो ती शीर, तिच्यातून रक्त वाहतं. त्याहून वेगळ्या नसा असतात. गरम, गार, टोचलं, रुतलं ही खबर त्या मेंदूपर्यंत नेतात. काशिनाथला जे औषध चालू होतं ते कॅन्सरच्या पेशी मारतं, पण जाता जाता या नसांनाही दुखावतं. सुरुवातीला थंडीचा त्रास होतो. गार पाणी प्यायलं की घशात काटे रुतल्यासारखं वाटतं, लोखंडाला हात लावला की झिणझिण्या येतात. हा त्रास काही दिवसांत जातो. पण सायकलीमागून सायकली होतात तसा दुसरा त्रास हळूच येतो. बोटं बधिर होतात, आणि तो बधिरपणा राहतो. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून बहुतेक वेळा सुरुवात तळपायापासून होते. डॉक्टरी नाव न्यूरोपथी. वेळेवर कळलं तर औषध कमी करता येतं, थांबवता येतं. वेळेवर कळावं म्हणूनच तर दर सायकलला ते पान भरायचं असतं.

आणि मी ते कसं भरत होते? "काय भाऊ, हातापायाला काही त्रास?" "काय नाय सिस्टर." मग मी शर्टाचं बटण काढून लावायला सांगायची. तो झटक्यात लावायचा. हात चांगले आहेत म्हणून मी पुढं जायची. सकाळी साडेनऊला अठरा पेशंट असतात, सगळ्यांना सुई लवकर हवी असते, सगळ्यांची गावाकडची गाडी चुकणार असते. चपला दाराबाहेर काढायच्या, बेडवर चढलं की पायावर पांघरूण. बावीस वर्षं मी शिरा शोधायला हात बघत आले. पाय बघायचं कारणच पडलं नव्हतं, असं मला वाटत होतं.

"डोळे मिटा," मी म्हटलं. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरला. "मी अंगठा वर करीन नाहीतर खाली करीन. कुठं गेला ते सांगायचं."

अंगठा खाली वाकवला. तो म्हणाला, वर. पुन्हा खाली. म्हणाला, वर. मग मी अंगठा सोडूनच दिला आणि विचारलं, आता? जरा विचार करून तो म्हणाला, "खाली." डावा पायही तसाच निघाला. बायको खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला यातलं काहीच नवीन वाटत नव्हतं, हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

अजून मुख्य औषध लावलं नव्हतं. आधी द्यायची उलटीची आणि ॲलर्जीची इंजेक्शनं तेवढी गेली होती. मी स्टँडवरची बाटली बंद केली आणि डॉ. कुलथे मॅडमना फोन लावला.

मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा चिमटा, पायाच्या हाडांवर ठेवला, घोट्यापर्यंत कंप कळत नव्हता. टाच बघितली, फाईल उलटली.

"सिस्टर, मागच्या दोन्ही वेळी 'नाही' लिहिलंय."

"हो मॅडम, मीच लिहिलंय."

"पाय तपासले होते?"

"नाही. बटण लावून घेतलं होतं."

त्यांनी फाईल मिटली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या काशिनाथकडं वळल्या आणि कधीपासून असं होतंय ते विचारलं. हळूहळू एकेक निघालं. तिसऱ्या सायकलनंतर अंगठे गेले. मग तळवे. चालताना जमीन पोत्यावरून चालल्यासारखी लागायची. हाताची बोटंसुद्धा टोकाला जड झाली होती, पण बटण लावायचा सराव तो घरी करून यायचा. हे ऐकल्यावर मला हसावं की त्याचा कान धरावा, कळेना.

सांगितलं का नाही, तर त्याचं कारण आमच्याच वॉर्डात होतं. तिसऱ्या सायकलच्या वेळी शेजारच्या बेडवर एक आजोबा होते. त्यांच्या मुलाला आम्ही हलक्या आवाजात सांगितलं होतं, आता औषध बंद करू, घरी न्या. काशिनाथनं ते ऐकलं होतं. औषध बंद म्हणजे माणूस संपला, एवढं त्यानं डोक्यात पक्कं केलं. मग तो कशाला सांगतोय पाय गेल्याचं?

मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्याला समजावलं. हे एक औषध थांबवायचं, दुसरं, गोळ्यांचं, चालू ठेवायचं. पाच सायकलींनी पुष्कळ काम झालेलं आहे. आणि पायाचं खरं तेही सांगितलं. औषध बंद केल्यावरही दोनतीन महिने बधिरपणा वाढू शकतो. मग बहुतेकांचा उतरतो, काहींचा थोडा राहतो. नस झटकन बरी करणारी गोळी नाही. रोज पाय डोळ्यांनी बघायचे, अनवाणी फिरायचं नाही, शेकोटीपासून लांब बसायचं. तो प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता. माणूस इतका हो म्हणायला लागला की समजावं, त्याचं मन दुसरीकडं आहे.

मी ड्रेसिंग केलं, गोळ्या समजावल्या, पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. सुई काढताना बजावलं की ॲलर्जीच्या इंजेक्शननं झोप येईल, दुपारपर्यंत इथंच पडा. यमुना म्हणाली, बाहेर बाकावर बसतो, डबा खातो. साडेबाराला दोघं बाहेर गेले.

मग मी नोट लिहायला बसले. जखम कुठं आहे, केवढी आहे, सगळं लिहावं लागतं. 'उजवी टाच, मागची खालची कड,' मी लिहिलं. 'जखमेखाली कातडी जाड, जुना घट्टा.' आणि पेन थांबलं.

शेकोटीला बसणारा माणूस तळवे पुढं करतो. भाजलीच तर बोटं भाजतील, दोन्ही पायांची. एकाच पायाची टाच, तीही मागच्या कडेला? आणि तिथं घट्टा कसला?

तो घट्टा मी लहानपणी रोज बघितला होता. माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. इगतपुरीला आमचं घर, आणि ड्यूटीवरून आले की ते ओट्यावर बसून दगडानं टाच घासायचे. उजवीच. आई म्हणायची, डाव्या पायानं काय पाप केलंय, तोही घासा. अण्णा म्हणायचे, डावा पाय नुसता हजेरीला असतो, दिवसभर टाच टेकवून राबतो तो उजवा. टाच फळीवर रोवायची आणि पुढचा पाय ॲक्सिलेटरवरून ब्रेकवर, ब्रेकवरून ॲक्सिलेटरवर. इंजिनाच्या धगीनं फळी तापायची. अण्णांच्या पायात जाड बूट असायचे, तरी टाच दगडासारखी झालेली.

फाईलचं पहिलं पान उघडलं. व्यवसाय: शेती. आमच्या नोंदणीच्या खिडकीवर तालुक्याचं नाव ऐकलं की 'शेती' लिहून मोकळे होतात, समोर गवंडी असो की मास्तर. मीही कधी विचारलं नव्हतं. कसे आलात म्हटलं की दोघं सांगायचे, जीपनं आलो. सुरगाण्याकडचे सगळेच जीपनं येतात.

बाहेर बाकावर कुणी नव्हतं. फाईलमधल्या नंबरवर फोन लावला, नुसता वाजत राहिला. मी गेटवर धावले. तिथं आमचा वॉचमन, वाघमामा, तंबाखू मळत उभा.

"मामा, ते सुरगाण्याचे भोये कुठं गेले?"

"जीपवाले? गेले की आत्ताच. दर वेळी गेटात गाडी लावतो, दर वेळी माझं भांडण होतं."

"गाडी कोण चालवत होतं?"

"तोच की. दर वेळी तोच असतो."

पहिल्या सायकलपासून हे गेटवरच्या माणसाला माहीत होतं. आणि मी, जी त्याचं रक्त, वजन, ताप, शौचाला किती वेळा झालं हेसुद्धा लिहून ठेवत होते, मला माहीत नव्हतं. पायाला खबर नाही, अंगात झोपेचं इंजेक्शन, आणि वणीच्या पुढं घाटरस्ता. शिवाय कुठलाच जीपवाला रिकामा परत जात नाही. नाक्यावर दहाबारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही.

याच एका गोष्टीवर माझी आशा होती. भरायला वेळ लागतो.

ज्युनिअर सिस्टरला फोन करून सांगितलं की लक्ष ठेव, आणि युनिफॉर्मवरच रिक्षात बसले. दिंडोरी नाक्यापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी रविवार कारंज्यापाशी सगळं अडलेलं. मी रिक्षावाल्याला सांगत होते, दादा जरा घे ना बाजूनं, आणि तो म्हणत होता, सिस्टर, बाजू असली तर घेऊ. माझ्या डोळ्यांसमोर सारखं एकच येत होतं. तो अंगठा मी सोडून दिला होता आणि तो म्हणाला होता, खाली. धरलेलं आणि सोडलेलं ज्या पायाला कळत नाही, तो पाय आता गाडी थांबवणार होता. फोन पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. वाटलं, निघाला असेल. मग काय करायचं? पोलिसांना काय सांगायचं, की एका पेशंटच्या टाचेला घट्टा आहे?

नाक्यावर जीप उभ्या होत्या, पाच की सहा. तिसऱ्या जीपच्या पुढच्या सीटवर यमुनाचं हिरवं पातळ ओळखलं. मागं माणसं बसलेली, बायका, पिशव्या, एक म्हातारा कोंबडी घेऊन. काशिनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून शेवटच्या माणसाची वाट बघत होता. डोळे जड झालेले. मला बघून तो दचकला, आणि त्याचा हात चावीकडं गेला.

मी दार उघडलं आणि खाली बघितलं. पाय अनवाणी. आम्ही घातलेलं बँडेज आत्ताच काळं झालं होतं. खालचं रबराचं मॅट झिजून गेलेलं, उघडा पत्रा, आणि टाच त्या पत्र्यावर टेकलेली. मी हात लावून बघितला. हॉस्पिटलपासून एवढंसं अंतर येऊनही पत्रा तापला होता. सकाळी सुरगाण्याहून तीन तास आल्यावर काय झाला असेल, ते सांगायची गरज नव्हती.

"भाऊ, उतरा."

"सिस्टर, पाशिंजर बसल्यात. सोडून येतो. मग पुढं नाय चालवणार, शपथ."

"चपला कुठंयत?"

मागून एक बाई विचारायला लागली, काय झालं, गाडी जाणार हाय का नाय? मला चारचौघांत त्याची शोभा करायची नव्हती. आजार त्याचा होता, तो वाटायचा हक्क मला नव्हता. मी आवाज खाली आणला.

"चावी काढा आणि बाजूला ठेवा. मला एकच दाखवा, मग मी जाते. डोळे मिटा आणि ब्रेकवर पाय ठेवा."

त्यानं चावी काढली. डोळे मिटले. पाय उचलला आणि आत्मविश्वासानं खाली ठेवला.

"ठेवला," तो म्हणाला.

पाय ॲक्सिलेटरवर होता. पुरता नाही, अर्धा, आणि अंगठा त्याच्या खाली मुडपलेला. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी पलीकडच्या सीटवरून यमुना बोलली. अगदी हलकं, ओठातल्या ओठात.

"डावीकडं घ्या. अजून. हां."

आणि त्याचा पाय मुकाट्यानं डावीकडं सरकला आणि ब्रेकवर बसला. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

दोघांनाही आपण काय केलं ते लगेच कळलं नाही, इतकी ती सवय झाली होती. मग यमुनानं तोंडावर हात घेतला. काशिनाथनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

नंतर तिनं मला सगळं सांगितलं, नाक्यावरच्या चहाच्या टपरीमागं उभं राहून. दिवाळीनंतर एकदा चप्पल पायातून निसटून ब्रेकखाली गेली होती. त्याला कळलीच नाही. गाडी शेताच्या बांधाला जाऊन थांबली, नशीब म्हणून उतार नव्हता. तेव्हापासून तो चपला काढून चालवायचा आणि ती शेजारी बसायची. बाकीचे ड्रायव्हर पाय मोकळा राहावा म्हणून अनवाणी चालवतात, तसाच हा चालवतो, असं लोकांना वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. बूट घातला तर आतला पाय कसा वळलाय ते तिला दिसलं नसतं.

"म्हणजे तुम्ही रस्ता बघत नव्हता?"

"रस्ता ते बघत. मी पाय बघायची." मग ती रडायला लागली. "सिस्टर, दोन महिने मी डोळा लवू दिला नाय. घाट आला का मी वाकूनच बसायची. पण यांना सांगू कसं? ते म्हणायचे, औषध बंद झालं तर मी जाईन."

मी तिला जवळ घेतलं. रागवायचं तर कुणाला? ती दर वेळी माझ्यासमोर स्टुलावर बसलेली असायची, आणि दोन महिन्यांत मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. पेशंटचा नातेवाईक म्हणजे आम्हाला सही करायला आणि औषध आणायला लागणारं माणूस.

माणसं दुसऱ्या जीपमध्ये बसवली. कोंबडीवाला म्हातारा बराच करवादला. काशिनाथ तोवर बोनेटला टेकून उभा होता. मी गेले तर त्यानं न मागता चावी माझ्या हातात दिली.

"सिस्टर, एक सांगा. हा पाय येईल ना माघारी?"

"माहीत नाही, भाऊ. येईल असं वाटतं. पण खोटं नाही बोलणार."

"बरं झालं," तो म्हणाला. "खोटं मीच लय बोललो."

सुरगाण्याहून त्याच्या धाकट्या भावाला बोलावलं. तो एसटीनं येईपर्यंत साडेचार झाले. तोवर काशिनाथ आमच्या वॉर्डात गाढ झोपला होता आणि जीपची चावी माझ्या युनिफॉर्मच्या खिशात होती. ड्यूटी सोडून गेल्याबद्दल मेट्रननी माझ्याकडं लेखी उत्तर मागितलं. मी लिहून दिलं. त्यात फाईलमधल्या माझ्या त्या दोन 'नाही'चंही लिहिलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. मॅडम म्हणाल्या, हे कशाला? मी म्हटलं, असू द्या, माझ्याच लक्षात राहायला.

पुढचे तीन महिने वाईट गेले. मॅडमनी सांगितलं होतं तसा बधिरपणा आधी वाढला. रात्रीची जळजळ सुरू झाली, त्यासाठी गोळी चालू केली. टाच भरायला दीड महिना लागला. दर फेरीला मी त्याला डोळे मिटायला लावायची आणि अंगठा धरायची. वर की खाली? चुकायचं. यायचा तेव्हा भाऊ गाडी चालवायचा, काशिनाथ शेजारी बसायचा. पायात बूट, तेही रोज आत हात घालून खडा-काटा तपासून. पोटाचे रिपोर्ट चांगले येत होते. मी म्हणायची, बघा, माणूस तर वाचला. तो म्हणायचा, माणूस वाचला, ड्रायव्हरचं सांगा. मी अंगठा धरायची, तो चुकायचा, आणि दोघं दुसरं काहीतरी बोलायला लागायचो.

मागच्या महिन्यात आला तो नेहमीपेक्षा घाईत आत आला. बेडवर बसायच्या आधीच बूट-मोजे काढून उजवा पाय माझ्यासमोर धरला. टाचेवर लालसर डाग होता, अगदी लहान. माझं तोंड सुटलंच.

"पुन्हा अनवाणी बसलात? किती वेळा सांगायचं? नवीन मॅट टाकलंय ना खाली?"

"टाकलंय. मी मुद्दाम बाजूला केलं. घाटात थोडा वेळ टाच टेकवून बघितली." तो हसत होता, आणि डोळे भरून आले होते. "सिस्टर, चटका बसला. मी वरडलो. भावानं गाडी थांबवली."

बावीस वर्षांत पेशंटला भाजल्याचा मला आनंद झाला तो एवढा एकदाच. यमुनाला विचारलं, तुम्ही काय केलंत तेव्हा? तर ती लाजली. तिला माहीतच नव्हतं. ती मागच्या सीटवर झोपली होती. आता घाटात तिला झोप लागते.

अंगठा धरला. दहा वेळा विचारलं, सात वेळा बरोबर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दहा झाल्याशिवाय स्टिअरिंग नाही. त्यालाही ते मान्य आहे.

आमच्या डे-केअरच्या त्या पानावर आता दोन ओळी जास्त आहेत. छापील नाहीत, मी पेनानं लिहून झेरॉक्स काढल्या. पहिली: 'पांघरूण काढून दोन्ही तळपाय बघितले का?' दुसरी: 'गाडी कोण चालवतं?' दुसरा प्रश्न पेशंटला विचारायचा नाही, शेजारी बसलेल्या माणसाला विचारायचा. नव्या सिस्टर विचारतात, असं का? मी सांगते, पेशंट खोटं बोलू शकतो, आणि शेजारच्याला आपण कधी काही विचारतच नाही.